बाहेरून आलेल्यांचे टेबल

नॉर्डसीकांच्या शेतावर ऑक्टोबरातल्या रविवारच्या जेवणाला दोन टेबले मांडली जात. लांब टेबल जन्माने नॉर्डसीक असलेल्यांचे. ते अक्रोडाच्या लाकडाचे होते, भोवतीच्या खुर्च्या एकसारख्या, आणि त्यांच्या पाठींवरची ओकची पाने वॉल्टरच्या आजोबांनी कोरलेली. दुसरे टेबल स्वयंपाकघराच्या दाराशी, लग्न होऊन आलेल्यांचे. त्याच्याभोवतीची एकही खुर्ची दुसरीसारखी नव्हती, कारण या घरात येणाऱ्याने आपली खुर्ची आपण आणायची असा रिवाज होता. तो कोणी पाडला, हे कोणी विचारत नसे.

ल्यूएलाची खुर्ची वेताच्या बैठकीची होती. चोवीस वर्षांपूर्वी वॉल्टरची दुसरी बायको म्हणून ती आली, तेव्हा नदीकाठी तिचे वडील, शापर, खंडाने करत त्या शेतावरून तिने ती आणली होती. वॉल्टरचा मुलगा कर्टिस तेव्हा आठ वर्षांचा होता. दारात उभा राहून त्याने खुर्चीकडे पाहिले आणि विचारले, "तुम्ही किती दिवस राहणार?" वॉल्टर हसला होता. मुलाच्या प्रश्नात मात्र खोडी नव्हती. आई गेल्यानंतरच्या दोन वर्षांत घर सांभाळायला बायका येत होत्या आणि जात होत्या.

आता वॉल्टरला जाऊनही दोन वर्षे झाली होती. मृत्युपत्र साधे होते. शेत आणि घर कर्टिसचे, आणि कर्टिसचे लग्न होईपर्यंत ल्यूएलाने घरात राहावे. वॉल्टरने ते लिहिले तेव्हा कर्टिसच्या लग्नाचे कुठे नाव नव्हते. आता होते. नाताळानंतर तो डार्लाशी लग्न करणार होता.

अंगणापलीकडे दगडी बांधणीचे उन्हाळी स्वयंपाकघर होते. पूर्वी उन्हाळ्यात मोठे घर तापू नये म्हणून चूल तिथे पेटवत. पुढे त्यात बरण्या आणि मोडकी अवजारे साठली. ल्यूएलाने या उन्हाळ्यात ती सगळी बाहेर काढली, भिंतींना चुना दिला, धुराड्यातले चिमण्यांचे घरटे उतरवले. कोणी विचारले तर ती म्हणे, "घाण झालं होतं." तिला त्या एका खोलीत राहायचे होते. खिडकीखाली भाजीचा एक वाफा, एक पलंग, एक शेगडी. हे कर्टिसला सांगायला तिला तोंड उघडता येत नव्हते. मागितले तर तो देईल, असे तिला वाटे. पण मागून मिळालेल्या जागेत राहणे वेगळे आणि 'राहा' म्हणून कोणी थांबवणे वेगळे.

वॉल्टरची थोरली बहीण मेल्बा हिने मात्र ते न सांगता ओळखले होते. मेल्बा अठ्ठ्याहत्तर वर्षांची होती आणि या कुटुंबात तिच्याशिवाय पान हलत नसे. जूनमध्ये चुन्याचा वास आल्यावर ती म्हणाली होती, "आधी तो दगड एकदाचा उभा राहू दे. मग मी कर्टिसशी बोलते. माझं ऐकतो तो."

दगड म्हणजे मूळपुरुषाचा. फ्रिट्झ नॉर्डसीक १८४६ साली जर्मनीतून निघाला, न्यू ऑर्लिन्सला उतरला, नदीने वर मिसुरीत आला. त्याची कबर सेंट जॉन चर्चच्या आवारात होती. तिच्यावरचा जुना चुनखडीचा दगड पावसाने पार पुसला होता. नव्या ग्रॅनाइटवर काय लिहायचे ते मेल्बाने ठरवले होते: फ्रिडरिक नॉर्डसीक, जन्म १८२१, वडिलोपार्जित नॉर्डसीक शेतावर. हे साल तिच्या वडिलांनी जर्मनीहून पत्राने मागवले होते. तिकडच्या पाद्र्याने बाप्तिस्म्याच्या वहीत पाहून कळवले होते. ल्यूएलाने फक्त पुरावा जोडायचा, एवढेच काम होते. दोन वर्षे ती दर गुरुवारी कोर्टाच्या तळघरात नाही तर चर्चच्या कपाटापाशी बसत होती. जुनी जर्मन लिपी ती शाळेच्या वहीत गिरवून शिकली. वॉल्टर गेल्यानंतरच्या संध्याकाळी तिला दुसरे काही नव्हते.

ऑगस्टात जर्मनीहून चर्चच्या नोंदींची मायक्रोफिल्म आली, पाठोपाठ तिकडच्या सरकारी दप्तरातल्या एका कागदाची प्रत. तोवर दगड कोरून झाला होता. ल्यूएलाने मेल्बाला फोन केला.

"काही सापडलं का? मग रविवारी सगळ्यांसमोरच सांग," मेल्बा म्हणाली आणि फोन ठेवला. ल्यूएलाने पुन्हा केला नाही.

त्या रविवारी चर्चच्या आवारात दगडावर ताडपत्री घातलेली होती. जेवणानंतर पाद्रीबुवा येऊन ती काढणार होते. घरात डुकराच्या मांसाचा भाजलेला तुकडा, तांबडी कोबी, गरम बटाट्यांचे सॅलड आणि सफरचंदाचा केक झाला होता. लांब टेबलावर तिघेच होते: मेल्बा, तिचा चुलतभाऊ व्हर्नन आणि कर्टिस. दाराशी तिघी होत्या: ल्यूएला, व्हर्ननची बायको युनिस आणि डार्ला. डार्लाचे लग्न अजून व्हायचे असल्याने तिच्याकडे खुर्ची नव्हती. ती पियानोच्या स्टुलावर बसली होती.

"खुर्ची कसली आणणार आहेस?" युनिसने तिला विचारले.

"आणावीच लागते का?"

"मी आणली ती बघ. माझी आई शिवायला बसायची ती. चाळीस वर्षं पाठ दुखतीये. तू गादीची आण."

मेल्बाने चमच्याने पेला वाजवला. "ल्यूएला, ऊठ जरा. दगडाचं सांग सगळ्यांना."

"काय सांगू?"

"लिहिलंय ते बरोबर आहे, एवढंच. दोन वर्षं त्या पुस्तकांत डोकं घालून बसलीस, त्याचं सार्थक होऊ दे."

"थोडक्यात सांग हं," व्हर्नन म्हणाला. "मला अजून केक खायचाय."

ल्यूएला उभी राहिली. एक 'हो' म्हटले की पुरे होते. मेल्बा खूश झाली असती, आणि संध्याकाळपर्यंत कर्टिसला बाजूला घेऊन त्या दगडी खोलीचे बोलली असती. ल्यूएलाने सकाळी चर्चमध्ये 'हो' म्हणायचे ठरवलेही होते. पण दोन वर्षे ती त्या फ्रिट्झसोबत बसली होती. त्याच्या कबरीवर दुसऱ्याच कोणाचा जन्म लिहिला आहे, हे तिला माहीत होते.

"जन्माचं साल चुकलंय," ती म्हणाली.

मेल्बाने चमचा खाली ठेवला. "म्हणजे?"

"जहाजाच्या यादीत फ्रिट्झचं वय चव्वेचाळीस आहे. १८२१चा माणूस तेव्हा पंचविशीतला असतो."

"जहाजावर म्हातारा झाला असेल," व्हर्नन म्हणाला. "मी एकदा समुद्रातून फेरीबोटीने गेलो होतो. मीपण झालो."

"कारकुनाची चूक," मेल्बा म्हणाली. "त्या लोकांना काय पडलं होतं?"

"मलाही आधी तसंच वाटलं. म्हणून कोर्टात नागरिकत्वाचा कागद काढला. मग आपल्या चर्चमधली दफनाची नोंद. तिन्हीकडे हिशेब एकच लागतो. तीन कारकून एकच चूक नाही करत."

"मग बाबांनी मागवलेलं साल कुठून आलं? बाप्तिस्म्याच्या वहीत होतं ते!"

"आहे. पण तो फ्रिडरिक वेगळा. तो आपल्या फ्रिट्झचा सावत्र मुलगा." ल्यूएलाने कागद उघडला, पण त्यात पाहिले नाही. "फ्रिट्झ जन्माने नॉर्डसीक नव्हताच. तीमान होता. एका शेतमजुराचा मुलगा. नॉर्डसीक शेतावरची बाई विधवा झाली, पोर लहान होतं, शेत बघायला पुरुष हवा होता. तिने याच्याशी लग्न केलं. तिकडे शेताचं नाव माणसाला लागायचं. लग्न करून जो शेतावर आला तो नॉर्डसीक झाला. चर्चच्या वहीत स्पष्ट लिहिलंय, तीमान, आता नॉर्डसीक."

युनिसने काटा ताटलीत ठेवला.

"मुलगा पंचवीस वर्षांचा होईपर्यंतच शेत याच्याकडे होतं. ठरलेलंच असायचं तसं. मधल्या काळापुरता मालक. मुदत संपली की सावत्र मुलाच्या हातात द्यायचं आणि आपण अंगणातल्या छोट्या घरात जायचं. ती बाई त्याआधीच वारली होती. तिच्यापासून याला मूलबाळ नव्हतं. मग हा इकडे निघून आला. इथे लुईझाशी लग्न केलं. आपण..." ती थांबली. "तुम्ही सगळे तिची मुलं."

"म्हणजे तो दगडावरचा जो आहे," डार्लाने विचारले, "१८२१चा, तो इकडे कधी आला?"

"नाही आला. तिथेच शेत केलं, तिथेच वारला. त्याच्या दफनाचीही नोंद आहे."

"अरे देवा," व्हर्नन म्हणाला. "म्हणजे त्या म्हाताऱ्याच्या डोक्यावर आपण त्या सावत्र पोरालाच आणून उभा केला." मग त्याने दाराशी असलेल्या टेबलाकडे पाहिले आणि त्याला हसू आवरले नाही. "म्हणजे फ्रिट्झ आजोबा आज जेवायला आले असते तर बसले कुठे असते? युनिसशेजारी!"

"बसू दे की," युनिस म्हणाली. "निदान मी बोलल्यावर ऐकून तरी घेतील."

"आणि काखेत खुर्ची!"

"व्हर्नन, पुरे." मेल्बाने पेला बाजूला सारला. "पाचशे वर्षं नॉर्डसीक नॉर्डसीकांच्या जमिनीवर होते. हे मी या टेबलावर बसून ऐकत आले. आणि आता ही शापरांची पोरगी मला सांगणार की आम्ही कोणीच नाही?"

"कोणीच नाही असं मी म्हटलं नाही, मेल्बा. तुम्ही फ्रिट्झच्या आहात."

"शेतमजुराच्या!"

"माझे वडीलही दुसऱ्याचंच शेत करायचे," ल्यूएला म्हणाली.

व्हर्ननने विचारले, "मग आता दगडाचं काय? मत घ्यायचं का?"

मते लांब टेबलावरचीच घेतली जात. मेल्बा म्हणाली दगड आहे तसा राहील. व्हर्नन म्हणाला, तारीख कोण वाचतंय, आणि पाद्रीबुवा तर निघाले असतील. मग दोघे कर्टिसकडे पाहू लागले. तो काट्याने ताटलीतल्या कोबीत रेघा ओढत होता. लहानपणी कोडे सुटले नाही की तो असाच पेन्सिलीने रेघा ओढी. ल्यूएला अजून उभीच होती.

"दगड बसवून झालाय," कर्टिस म्हणाला. "राहू दे."

ल्यूएला खाली बसली. डार्लाने तिच्यापुढे केकची ताटली सरकवली.

जेवणानंतर मेल्बा भांडी पुसायला आली. आजवर ती कधी आली नव्हती. ल्यूएला विसळत होती, मेल्बा पुसत होती.

"मला आधी का नाही सांगितलंस?"

"फोन केला होता. तुम्ही म्हणालात, रविवारी."

"पुन्हा करायचास." मेल्बाने एकच बशी दुसऱ्यांदा पुसली. "बाबांनी शेत वॉल्टरला दिलं ना, मी त्याच्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठी. वॉल्टरला दूध नीट काढता येत नव्हतं. मी काढायचे. मी रडले, तर बाबा म्हणाले, तुझं रक्त नॉर्डसीकांचं आहे, ते कोणी काढून घेत नाही. मग लग्न झालं, नाव गेलं. मी म्हटलं, जाऊ दे. रक्त आहे." ती थांबली. "तू तेही काढलंस. भर जेवणात."

ल्यूएलाने नळ बंद केला. "मला तसं करायचं नव्हतं."

"काय म्हणालीस ते नाव?"

"तीमान."

"तीमान," मेल्बा म्हणाली. दुकानात चपला पायात घालून चालून बघावे तसे तिने ते पुन्हा म्हटले. मग फडके खुंटीला अडकवले. "मी कर्टिसशी बोलणार होते तुझ्या खोलीबद्दल."

"माहीत आहे."

"आता नाही बोलणार. राग म्हणून नाही. आज माझ्यात ताकद नाही."

"तेही कळतं."

ती गेल्यावर ल्यूएलाने ॲप्रनच्या खिशातला घडी केलेला कागद चाचपला. सरकारी दप्तरातली प्रत. हा कागद तिने बाकीच्यांत ठेवला नव्हता, आणि टेबलावर वाचलाही नव्हता. देश सोडून जाण्यासाठी फ्रिट्झने केलेला अर्ज होता तो. कोणाचे काही देणे किंवा आक्षेप आहे का, हे नियमाप्रमाणे विचारायला कारकून शेतावर गेला होता. म्हणजे थांबवायचे असते तर कोणालाही त्याला थांबवता आले असते. खाली तरुण मालकाचे, वीस वर्षे त्याच्या हाताखाली वाढलेल्या मुलाचे, उत्तर लिहिले होते: काही हरकत नाही. ही ओळ ल्यूएलाने ऑगस्टात इतक्या वेळा वाचली होती की आता कागद उघडावा लागत नव्हता. कारकुनाचे अक्षर सुरेख होते. तो मुलगा ते वाक्य कसे म्हणाला असेल, पटकन की थांबून, हे मात्र अक्षरावरून कळत नव्हते.

मंडळी चर्चकडे निघायच्या तयारीत होती. कर्टिस अंगणात उन्हाळी स्वयंपाकघराच्या दारात उभा होता. ल्यूएला तिकडे गेली.

"चुना छान बसलाय," तो म्हणाला.

"दोन हात दिले. धुराडंही साफ केलं. आता धूर सरळ वर जातो."

"डार्ला म्हणत होती, मोठा फ्रीजर आणि कपडे धुण्याचं मशीन इथे ठेवू म्हणून." तो भिंतीकडे पाहत होता. "म्हणजे, अजून ठरलं नाही काही."

"पाण्याची सोय करावी लागेल मग."

"हो. ते आहेच."

वाफ्यातली शेवटची भोपळ्याची वेल वाळली होती. कर्टिसने बुटाने तिचे टोक सरळ केले. हा आता बोलेल, असे ल्यूएलाला वाटले. तिने वाट पाहिली. शाळेची पिवळी बस येईपर्यंत फाटकापाशी त्याच्यासोबत उभी राहायची ती, तेव्हाही त्याला पहिला शब्द काढायला असाच वेळ लागे. कधी कधी बस दिसू लागल्यावर तो सगळे एकदम बोलून टाकी.

गाडीचा हॉर्न वाजला. व्हर्नन.

"मी विचार करत होते," ल्यूएला म्हणाली, "गावात चर्चच्या मागे त्या खोल्या आहेत ना, बायकांसाठीच्या. एक रिकामी आहे म्हणे. नाताळाच्या आधीच गेले तर तुम्हालाही रंगबिंग करायला बरं."

तिने त्याच्याकडे पाहिले. कर्टिसने सोडलेला श्वास तिला ऐकू आला.

"तुम्हाला तिथे सोबत होईल," तो म्हणाला. त्याचा आवाज मायेचाच होता. "तुम्ही ठरवलंच असेल, तर माझी काही हरकत नाही."

पटकन म्हणाला तो. न थांबता.

"बरं," ल्यूएला म्हणाली. "तू हो पुढे. पाद्रीबुवा थांबले असतील."

"तुम्ही येत नाही?"

"मागून येते. माझी गाडी आहे."

तो गाडीकडे गेला. ती घरात आली. जेवणाच्या खोलीत कोणी नव्हते. लांब टेबलावरचा कपडा काढलेला होता आणि त्याच्या खुर्च्या जिथल्या तिथे सरकवलेल्या होत्या. दाराशी युनिसची शिवणाची खुर्ची, पियानोचे स्टूल, आणि वेताची. ल्यूएलाने खिशातला कागद काढून फ्रिट्झच्या बाकीच्या कागदांत, त्याच्या जागी, शेवटी ठेवला आणि दोरी बांधली. गठ्ठा तिने लांब टेबलावर, कर्टिसच्या जागेसमोर ठेवला. मग आपली खुर्ची उचलली.

पायरीवर तिला कर्टिस भेटला. टोपी विसरली म्हणून परत आला होता. खुर्चीकडे पाहून तो क्षणभर दारातच उभा राहिला.

"द्या इकडे, मी घेतो."

"नको रे," ल्यूएला म्हणाली. "हलकी आहे. आणली तेव्हाही मीच आणली होती."